किती नको, कधी ते सांगा

जुनी गाडी ऑइल खायला लागली की घरात जी चर्चा सुरू होते तिच्यात गाडी फारच थोडी असते. पैसे असतात, वय असतं आणि 'आता कशाला हवीय गाडी' हे वाक्य असतं. आमच्याकडे ते आधी आईनं म्हटलं, मग दादानं पुण्याहून फोनवर म्हटलं. त्यात गाडी उभ्या जागी थरथरायलाही लागली होती. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग, आरसा आणि डॅशबोर्डवरचा गणपती तिघंही वेगवेगळ्या तालात हलायचे. म्हणजे इंजिन गेलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

गाडी १९९८ची मारुती ८००. एमएच ११, म्हणजे साताऱ्याची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. १९८३ ते २०१४ या काळात ही गाडी बनत होती, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण तिच्या मागच्या सीटवर, खिडकीची काच हातानं फिरवत गेलं असणार. अण्णांसाठी मात्र ती आठवण नाही, साधन आहे. आत्या सांगलीत एकटी राहते. दर दुसऱ्या शनिवारी अण्णा तिच्याकडे जातात, तिची औषधं आणतात, बँकेचं काम करतात आणि रविवारी परत येतात. साताऱ्याहून सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर. अण्णांचे दोन्ही गुडघे गेलेत, एसटीची पहिली पायरी त्यांना चढवत नाही. गाडी गेली तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला की आत्याला कुठे हलवायचं हा प्रश्न आलाच. त्यामुळे 'इंजिन गेलं का' या प्रश्नाच्या पोटात दोन माणसांचं म्हातारपण होतं. ते कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि निकाल आला: हाफ इंजिन करावं लागेल. म्हणजे हेड उतरवायचं, पिस्टन काढायचे, रिंगा आणि बेअरिंग बदलायचे, व्हॉल्व्ह घासायचे. खर्च २८,००० रुपये. गाडी विकली तर तेवढेही आले नसते. निदान दोन मिनिटांत होऊ शकतं, मला त्याचं काही नाही. अनुभवी माणसाला दोन मिनिटं पुरतात. पण त्या दोन मिनिटांत आम्हाला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, आणि हे मला खटकलं.

शिवाय त्या निदानातली गोष्ट जरा जास्तच सुबक होती. रिंगा झिजल्या, म्हणून ऑइल वर चढून जळतंय. जळणाऱ्या ऑइलनं प्लग काळे पडतात, म्हणून गाडी मिसिंग करते. मिसिंग करते म्हणून थरथरते. सगळी लक्षणं एका दोरीत ओवली गेली. अशी गोष्ट ऐकली की समाधान वाटतं, खिसाही सैल होतो. पण त्या दोरीतला प्रत्येक मणी वेगळा तपासता येतो, आणि तपासायला २८,००० लागत नाहीत.

ऑइल कमी होतं म्हणजे ते कुठेतरी जातं. जायला वाटा मोजक्या. एक तर बाहेर गळतं, नाही तर आत जळतं. तिसरी वाट रेडिएटरच्या पाण्यात मिसळण्याची, पण ती लपत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येत राहतो. आमच्याकडे झाकण स्वच्छ होतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, तोही नव्हता. राहिला निळा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो अधूनमधून दिसत होता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती माहीत नसल्यानं चांगली इंजिनं मरतात. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. ऑइल निम्म्यावर आलं तरी तो शांत राहू शकतो. तो पेटतो तेव्हा बेअरिंगला ऑइल मिळेनासं झालेलं असतं, म्हणजे घरी पोचेपर्यंत थांबायचीही सोय नसते. या गाडीत ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. त्यातलं एक गेलं तरी दिवा काही बोलत नाही. पट्टी काढून बघणं याला पर्याय नाही. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, पट्टी एकदा पुसायची आणि मग वाचायची.

पट्टी वाचण्यात अण्णा पक्के आहेत. त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आयुष्यभर कुठली ना कुठली पातळीच वाचत होते. पेट्रोल, किलोमीटर, वरून घातलेलं ऑइल, सगळं तारखेनिशी वहीत. वहीप्रमाणे गाडी साधारण ९०० किलोमीटरला एक लिटर ऑइल खात होती. आकडा वाईट, पण त्यातून काही कळत नव्हतं. रिंगा गेलेल्या इंजिनाचाही हाच आकडा असतो आणि पॅकिंग गळणाऱ्या इंजिनाचाही.

वळण आलं ते सांगलीत. आत्याच्या घराजवळ, विश्रामबागच्या अलीकडे, एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांचा हात बसला तो फियाटवर. विश्रामबागला ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याहून आलेल्या फियाट-पद्मिनींवर इकडच्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्या शिकल्या. त्या गाड्या गेल्या, पण कान राहिले. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी स्टुलावर बसून विचारलं,

"धूर मारती का?"

"मारते की. बराच मारते," अण्णा म्हणाले.

"किती मारती ते नको सर. कवा मारती ते सांगा. सकाळी पहिल्या स्टार्टला? चढाला? उताराला? का सारखीच?"

अण्णा गप्प झाले आणि मग हसले. परत येताना ते पेठ नाक्यापर्यंत आयर्विन पुलाबद्दल बोलत होते. सांगलीत कृष्णेची पातळी त्या पुलावर मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण तो आकडा पाणी किती हे सांगतो, कुठलं ते सांगत नाही. ते पाणी कोयनेतून सोडलेलं, धोमचं की खालच्याच पावसाचं, हे ओळखायचं तर ते कधी चढायला लागलं आणि त्याआधी वर किती वाजता काय घडलं, हे जुळवावं लागतं. "आयुष्यभर हेच केलं," अण्णा म्हणाले, "आणि आपल्याच गाडीची नुसती पातळी लिहीत बसलो होतो."

मग आम्ही वही उलटी वाचली. ऑइल किती गेलं हे बाजूला ठेवलं आणि त्या दिवसांत गाडी कुठे गेली होती ते बघितलं. सप्टेंबरमध्ये पाहुणे आले होते, कासला चार खेपा झाल्या होत्या. त्या महिन्यात किलोमीटर कमी आणि ऑइल जवळजवळ दुप्पट. सांगलीच्या खेपांना उलट. साताऱ्याहून कराड, तिथून पेठ नाका, आष्टा, सगळा कृष्णाकाठचा सपाट रस्ता, आणि त्यात ऑइल फारसं हललेलं नव्हतं. रिंगा झिजल्या असत्या तर सव्वाशे किलोमीटर हायवेवर दामटलेल्या इंजिनानं जास्त ऑइल जाळलं असतं.

सातारकरांना हे तपासायला यंत्र लागत नाही, यवतेश्वरचा घाट आहे. एका सकाळी अण्णा गाडीत आणि मी मागे स्कूटरवर, अशी वरात निघाली. चढताना सेकंड गिअरमध्ये इंजिन अगदी रडकुंडीला आलं होतं, पण धूर नाही. रिंगा गेलेली गाडी चढालाच निळा धूर सोडते, कारण तिथे सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो. वर पोचून, वळून, उतार सुरू केला. ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला, गाडी गिअरमध्येच. अशा वेळी कार्बोरेटरचं दार बंद असतं आणि इंजिन मात्र खालून फिरतच राहतं, त्यामुळे आत जबरदस्त ओढ तयार होते. ती ओढ मिळेल तिथून हवा खेचते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सीलं कडक झाली असतील तर त्यांच्या फटीतून वरचं ऑइलही खेचलं जातं आणि आत साठत राहतं. खाली समर्थ मंदिराच्या चौकात अण्णांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि माझ्या तोंडावर निळा ढग आला. एकच. पुढे राजवाड्यापर्यंत काही नाही.

सकाळच्या पहिल्या स्टार्टलाही तसंच होत होतं. रात्रभर सीलांतून झिरपलेलं ऑइल, एक भपकारा, मग साफ. म्हणजे ऑइल पिस्टनच्या खालून येत नव्हतं, डोक्यावरून टपकत होतं.

याला अजून शंका म्हणायचं, खात्री नाही. पुढच्या शनिवारी मिस्त्रींनी तिन्ही प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावलं. इंजिन गरम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. या तिन्हींपैकी एक नसेल तर आकडे खोटे येतात. आकडे आले १६०, १६५, १६०. मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असतील तर हे ऑइल भेगा भरून काढतं आणि आकडा टुणकन वर जातो. इथे सुई जेमतेम हलली. अठ्ठावीस हजारांचा प्रश्न पाऊण तासात मिटला होता. मिस्त्रींनी त्यावर काही भाष्य केलं नाही. "रिंगा बऱ्या हायत," म्हणाले आणि चहा सांगितला.

पण मग थरथर कशाची? प्लग काढलेलेच होते, ते बघितले. तिन्ही सारखे, फिकट, जवळजवळ पांढरट. ऑइलनं मिसिंग होत असती तर एखादा तरी काळा आणि ओला निघाला असता. प्लग बसवून, इंजिन चालू करून मिस्त्रींनी रबरी मुठीच्या पकडीनं एकेक वायर काढून बघितली. वायर काढली की त्या सिलिंडरचं काम थांबतं. ज्या सिलिंडरची वायर काढूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासूनच कामचुकार. (नव्या, इंजेक्शनवाल्या गाडीवर हा प्रयोग करू नका, कॉइल जाईल किंवा एक्झॉस्टमधला कन्व्हर्टर तरी.) तिन्ही वायरींना इंजिन सारखंच खचलं. म्हणजे तिघंही काम करत होते आणि तिघंही अर्धपोटी होते. तिघांना एकत्र त्रास होतो तेव्हा दोष तिघांच्या आधी, सामाईक जागी असतो. पांढरट प्लग तेच सांगत होते. पेट्रोल कमी, हवा जास्त.

ही जास्तीची हवा शोधायला त्यांनी आणला पाण्याचा हातपंप, कुंड्यांवर औषध फवारायला असतो तो. चालू इंजिनावर कार्बोरेटरच्या बुडाशी पाण्याचा बारीक फवारा मारला आणि थरथर थांबली. दोन सेकंद इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं, मग पाणी सुकलं आणि पुन्हा गणपती हलायला लागला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली पॅकिंग वाळून चिरली होती. त्या चिरेतून हवा आत जात होती आणि पाण्यानं ती क्षणभर बुजली. पॅकिंगची किंमत एका मिसळीएवढी असेल.

या पांढऱ्या प्लगांना आणखी एक पैलू आहे, आणि तो आपल्याच शिवारातून आलाय. पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही इथल्या उसाचं. कराडपासून सांगलीपर्यंतच्या रस्त्याला हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे सरपटलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. नवी गाडी एक्झॉस्टमधल्या सेन्सरवरून हे ओळखते आणि इंधन वाढवते. १९९८चा कार्बोरेटर कसा ओळखणार? त्याच्या जेटचं भोक शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं पाडलेलं. म्हणजे मिश्रण आधीच थोडं पातळ, त्यात चिरेतून हवा. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. म्हणून सगळं खापर इथेनॉलवर फोडायचं हेही मला पटत नाही. चीर नसती तर गाडीनं ते चालवून घेतलं असतं. मिस्त्रींनी पॅकिंग बदलल्यावर मिक्श्चरचा स्क्रू थोडा सैल केला आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या टाकायला लावल्या.

राहिली बाहेरची गळती. इंजिनाचा डावा अंगठा, उजवं ढोपर, पोट, सगळं काळं चिकट होतं. अशा वेळी सगळ्यात खालचा ओला भाग बघायचा मोह होतो आणि तो नेहमी फसवतो, कारण ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे पसरतं. बघायचा तो सगळ्यात वरचा ओला भाग. मिस्त्रींनी ब्रश आणि डिझेलनं इंजिन धुतलं, कोरडं केलं आणि मला म्हणाले, "ताई, घरातनं अंगाला लावायची पावडर आणा." आत्याचा डबा आणला. सगळ्या इंजिनावर पावडर भुरभुरली, मिरजेपर्यंत एक चक्कर मारली. परत येईपर्यंत पांढऱ्यावर दोन काळे ओघळ उमटले होते. एक टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, एक डेल्कोच्या बुडातून. दोन्हीकडे रबर वाळलेलं. टॅपेट कव्हरचा ओघळ थेट गरम एक्झॉस्टवर पडत होता. सिग्नलला येणारा करपट वास तो होता, जो ऐकून दादा म्हणाला होता की इंजिन जळतंय.

म्हणजे एका दोरीत ओवलेली एक गोष्ट नव्हतीच. वरून टपकणारी सीलं, दोन वाळलेल्या पॅकिंगा आणि कार्बोरेटरखालची चीर. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार किरकोळ गोष्टी, ज्यांचं समान सूत्र फक्त वाळलेलं रबर. आणि रबर २७ वर्षांत वाळणारच, यात कुणाचा दोष शोधायचा!

व्हॉल्व्ह सीलांसाठी हेड उतरवावं लागेल अशी माझी कल्पना. मिस्त्रींनी आतून हातभर नायलॉनची दोरी आणली. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू शकतो, म्हणून लोक हेड काढतात. त्यांनी प्लगच्या भोकातून दोरी आत कोंबली, एक टोक बाहेर ठेवलं आणि पान्यानं इंजिन हातानं फिरवून पिस्टन वर आणला. दोरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दाबली गेली आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी पेलला गेला. मग निवांत स्प्रिंग दाबून लॉक काढायचे, जुनं सील उपटायचं, नवं बसवायचं, पिस्टन खाली, दोरी बाहेर, पुढचा सिलिंडर. सहा व्हॉल्व्ह, सहा सीलं. जुनी हातात घेतली तर प्लास्टिकसारखी टणक, एक तर बोटांनी दाबताच तुटलं. घाई नव्हती. अण्णा स्टुलावर बसून सहा सीलं ओळीनं मांडत होते आणि आत्या दर तासाला कुणाला तरी पाठवून जेवायला बोलावत होती.

बिल झालं ३,८०० रुपये. रकमेपेक्षा मला आवडला तो कामाचा क्रम. आधी फुकटचे प्रश्न, मग पाणी आणि पावडर, मग गेज, आणि पाना सगळ्यात शेवटी. साताऱ्याच्या गॅरेजमध्ये पान्यापासून सुरुवात होणार होती.

सगळं काही दुरुस्त झालेलं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातलं मागचं ऑइल सील थोडं पाझरतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्री म्हणाले, क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे, तेव्हा करू, दोनदा मजुरी कशाला. तोवर पार्किंगमध्ये पुठ्ठा टाका. त्यांनी जाड ऑइल घालायलाही नाही म्हटलं. जाड ऑइलनं धूर लपतो, पण थंडीत पहिल्या स्टार्टला ते वर पोचायला उशीर लावतं. अण्णांनी डिकीत अर्ध्या लिटरचा डबा ठेवलाय. नंतरच्या ११०० किलोमीटरमध्ये पट्टीवरची पातळी वरच्या खुणेपासून मधोमध आली, डबा अजून फोडलेला नाही.

कागदांचं बघायचं तर १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी असते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचं त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, ते आम्ही २०२३ मध्ये भरलं. पुढची २०२८ला. तोवर अण्णा चौऱ्याहत्तरचे होतील, आणि तेव्हा गाडीपेक्षा त्यांचीच फिटनेस टेस्ट घेऊ असं आई म्हणते. दादा अजून म्हणतो की विकून टाका. त्यानं काम झाल्यापासून गाडी चालवलेली नाही.

गेल्या शनिवारी अण्णा सकाळी सहाला निघाले. कराडला चहाला थांबले तेव्हा त्यांचा फोन आला. गाडी उभी केली की इंजिन चालू आहे की बंद तेच कळत नाही म्हणाले, आणि त्यामुळे आता मागच्या डाव्या दारातला खुळखुळाट ऐकू यायला लागलाय, त्याचं काय करायचं ते मिस्त्रींना विचारून घेतो.